इंग्रजी शिकावी ती कशासाठी?



मुले इंग्रजीत मागे पडली की आपण पुस्तकाला तरी दोष देतो, नाही तर मास्तरांना. मुलाला ती भाषा हवी कशासाठी, हा प्रश्न मात्र राहून जातो. आज आम्ही तेवढाच प्रश्न घेणार आहोत.

याचा एक महत्त्वाचा अभ्यास कॅनडात झाला. माँट्रियल शहर फ्रेंच व इंग्रजी अशा दोन भाषांचे. तेथील इंग्रजीभाषक विद्यार्थी फ्रेंच कशी शिकतात, हे गार्डनर व लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी तपासले आणि १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. भाषा शिकण्याचे दोन हेतू त्यांनी मानले : एक नोकरीधंद्यातील उपयोगाचा, दुसरा त्या भाषेच्या लोकांत मिसळण्याचा. मिसळू इच्छिणारी मुले अधिक प्रगती करतात, असे त्यांना आढळले.

हा नियम आपल्याकडे लागू पडेल काय? माँट्रियलच्या मुलाला फ्रेंच शेजार होता. मुंबईच्या चाळीत मराठी, गुजराती, तेलुगू, उर्दू बोलणारी बिऱ्हाडे सापडतील. इंग्रज शेजारी कोठून आणावा? यास्मीन लुकमानी यांनी मुंबईतील मराठीभाषक शाळकरी मुलींचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. या मुलींचा मुख्य हेतू उपयोगाचाच होता. आणि तो जितका बळकट, तितके त्यांचे इंग्रजी सरस होते. इंग्रजीभाषकांसारखे व्हावे, ही त्यांची ओढ नव्हती.

आम्हास याचे नवल वाटत नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजीला माउली म्हटले. शूद्रातिशूद्रांना ज्ञानाचे दार उघडावे, ही त्यामागील तळमळ. पण इंग्रजीचे हे गुण त्यांनी गायिले ते मराठीत!

महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. तास वाढले, त्याबरोबर हेतू वाढला काय? ‘परीक्षेत येईल म्हणून शीक’ एवढेच मुलाला सांगितले, तर त्याची गोडी परीक्षेबरोबरच संपते. त्याऐवजी औषधाच्या बाटलीवरील सूचना, बँकेचा अर्ज, यंत्राचे माहितीपत्रक त्याच्यापुढे ठेवावे. त्याने ते वाचावे आणि घरी आईला तिच्या भाषेत समजावून द्यावे. उपयोग त्याला तेथेच दिसेल, आणि आईची भाषाही कामाची ठरेल.

उलट, वर्गात घरची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाली, तर मूल दोहोंपैकी एक गोष्ट शिकते : इंग्रजीची धास्ती, नाही तर आईची लाज. दुसरीची किंमत कोणत्याही नोकरीने भरून निघणार नाही. पालकहो, शाळा निवडताना फी आणि निकाल आपण विचारताच. माझ्या मुलाच्या घरच्या भाषेला येथे काय स्थान आहे, हेही विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.