ग्रामसेवकाचे दप्तर आणि आपली जबाबदारी



आज आम्ही गावच्या ग्रामसेवकाविषयी चार शब्द बोलणार आहोत. 2024 साली शासनाने या पदाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव दिले, पण लोकांच्या तोंडी ग्रामसेवक हाच शब्द आहे. आपण त्याच्याकडे दाखल्यापुरते जातो. परंतु गावाचे आरोग्य आणि घरातल्या लेकीबाळींची सुरक्षितता त्याच्या दप्तराशी बांधलेली आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

पहिली बाब पाण्याची. विहिरीत, टाकीत टी.सी.एल. पावडर टाकून पाणी शुद्ध ठेवणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. त्यात कुचराई झाली की पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येते आणि तिचा पहिला घाला लहान मुलांवर पडतो. आरोग्य खाते पाण्याच्या साधनांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

दुसरी बाब जन्मनोंदीची. 1969 च्या कायद्याप्रमाणे 21 दिवसांच्या आत ही नोंद विनाशुल्क होते. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ही एक ओळ पुढे शाळाप्रवेशाला उपयोगी पडते आणि प्रसंगी मुलीचे आयुष्यही वाचवते. ते कसे, हे तिसऱ्या बाबीवरून कळेल.

2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने मुलीचे वय 18 आणि मुलाचे 21 पूर्ण असले पाहिजे. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. दहावीच्या परीक्षेआधीच एखाद्या मुलीची सुपारी फुटली, तर जन्माच्या नोंदीवरून तिचे खरे वय सिद्ध करता येते. न्यायालयाकडून मनाई हुकूमही मिळतो. हुकूम मोडून लावलेले लग्न मुळातच रद्द ठरते. लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एवढा कायदा असूनही अशी लग्ने लागतात. कारण मांडवात सगळे असतात, पण कळवणारा कोणी नसतो. ‘भावकीत वाईटपणा कशाला?’ असे म्हणून आपण गप्प बसतो. कोणी कळवलेच नाही, तर ग्रामसेवकालाही कानाडोळा करणे सोपे जाते. आपला वाईटपणा टळतो, पण त्याची किंमत ती पोर मोजते.

मित्रांनो, महाडचा इतिहास आठवा. 1923 साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस अनुकूल होते. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तोवर तो हक्क कागदावरच होता. पुढे नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि न्यायालयीन लढा 1937 पर्यंत चालला. कागदावरचा हक्क वापरणारी माणसे पुढे आली, तरच तो हक्क टिकतो, हा त्यातला धडा आहे.

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे की सुट्टीत गावी गेलात तर ग्रामसभेला बसा आणि पाण्याचे कार्ड कोणते ते विचारा. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील प्रत्येक बाळाची नोंद झाली का, याची घरोघर चौकशी करावी. आणि बालविवाहाची कुणकुण लागली, तर ग्रामसेवकाला किंवा 1098 या क्रमांकावर कळवावे. ते लग्नाच्या आधी कळवावे, अक्षता पडल्यावर नव्हे.

अधिकारी चांगला असेल तर त्याला आपले बळ मिळेल. तो कामचुकार असेल, तर त्याला काम करावे लागेल. दोन्ही वेळा पुढचे पाऊल आपल्यालाच टाकायचे आहे.