जव्हारचा जयविलास


पालघर, बोईसर, तारापूरकरांनो,
राजवाडा पाहायला फार लांब जायला नको.
आपल्याच जिल्ह्यात, जव्हारला, जयविलास उभा आहे.

जव्हार संस्थानाचे राजे यशवंतराव मुकणे यांनी तो बांधला.
१९४८ साली संस्थान विलीन झालं.
वाडा मात्र आजही दिमाखात उभा आहे.

दगड गुलाबी.
बांधणी पाश्चात्त्य वळणाची.
माथ्यावरचे घुमट मात्र आपल्या धाटणीचे.
दोन्ही शैली इथे गुण्यागोविंदाने नांदतात.

आणि बाग?
वाड्याभोवती आहेत काजूची झाडं.
काजूला पाण्याचा निचरा होणारी उताराची जमीन मानवते.
म्हणून जव्हारच्या डोंगराला ही बाग शोभते.

तेव्हा श्रोतेहो, लक्षात असू द्या.
वाडा आणि झाडी मिळूनच राजवाडा होतो.
जव्हारला जाल, तेव्हा दोन्ही डोळे भरून पाहा.
आणि दोन्ही जपा.