दुर्मीळ कॅमेरा कशाला म्हणावे?



२०२२ च्या जून महिन्यात जर्मनीतल्या वेट्झलार गावी झालेल्या लिलावात एक जुना लायका कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. त्या वेळच्या दराने ही रक्कम शंभर कोटी रुपयांच्या वर जाते. कॅमेरा १९२३ च्या सुमारास चाचणीसाठी काढलेल्या छोट्या मालिकेतला होता, क्रमांक १०५. त्याच मालिकेतला क्रमांक १२२ चा कॅमेरा चारच वर्षांपूर्वी, २०१८ साली, २४ लाख युरोंना गेला होता. कारखाना एक, मालिका एक, आणि किमतीत सहापट अंतर. याचे कारण धातूत किंवा भिंगात शोधून सापडणार नाही. क्रमांक १०५ हा लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक याचा स्वतःचा कॅमेरा होता आणि त्याचे नाव त्यावर कोरलेले होते. कोट्यवधी उधळणाऱ्या हौशी लोकांना आपण हसतो, पण त्यांनी जादाचे पैसे मोजले ते एका नोंदीसाठी: हा कॅमेरा कोणाच्या हातात होता, त्याने कोणते काम केले. आज मला एवढेच मांडायचे आहे. जुन्या कॅमेऱ्याचे मोल त्याच्या वयावर किंवा संख्येवर ठरत नाही. त्याच्याविषयी खात्रीने काय सांगता येते, यावर ठरते. हे मान्य केले, तर दुर्मीळ कॅमेऱ्यांचा शोध घ्यायला वेट्झलारला जाण्याचे कारण उरत नाही. तो आपल्या पांढुर्ण्याच्या किंवा सौसरच्या एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावरही घेता येतो.

कॅमेरा काय सांगतो, हे आधी पाहू. पुष्कळ घरांत पणजीचा एखादा जुना फोटो असतो. कपाळावरचे कुंकू काळेभोर, लुगडे जवळजवळ काळे, चेहरा रापलेला. नातवंडे-पतवंडे समजतात की पणजी सावळी होती आणि तिला काळे लुगडे आवडे. दोन्ही चूक असण्याचा संभव मोठा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्लेटा आणि रोल लाल रंगाला आंधळे होते. निळा त्यांना पांढरट दिसे, हिरवा थोडाफार कळे, तांबडा मात्र काळाच उमटे. ही गोष्ट फोटोवर कुठेही लिहिलेली नसते. ती कॅमेऱ्यावर दिसते. त्या काळातल्या रोलच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर एक बारीक गोल लाल काच असते. तिच्यातून रोलच्या पाठकागदावर छापलेला आकडा वाचायचा आणि चावी फिरवायची. काच लाल, कारण लाल उजेडाची त्या फिल्मला बाधा होत नसे. पुढे सगळे रंग ओळखणारी फिल्म आली, लाल उजेडही तिला बाधू लागला, आणि नंतरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत त्या काचेवर सरकते झाकण आले. ती खिडकी नीट पाहिलेला माणूस पणजीच्या लुगड्याबद्दल घाईने बोलणार नाही. स्टुडिओतल्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्याचेही तसेच. त्याच्या पितळी भिंगाला कित्येकदा शटरच नसे. टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी परत लावायची. जुन्या फोटोतली माणसे काठी गिळल्यासारखी ताठ बसलेली दिसतात, त्यात त्यांच्या स्वभावापेक्षा या मोजणीचा वाटा मोठा आहे. व्हिएन्नाच्या जोसेफ पेत्झवालने १८४० मध्ये आखलेल्या धर्तीचे भिंग असेल, तर मध्यभागी चेहरा लख्ख आणि कडेची माणसे विरघळलेली. ज्या काकांचा चेहरा पुसट आला त्यांच्यावर फोटोग्राफरचा राग नव्हता, ते फक्त कडेला बसले होते.

इथले उदाहरण घ्यायचे तर गोटमारीचे घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात कशी दगडफेक होते ते तुम्हाला मी सांगायला नको. साध्या डबा कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागाइतके उघडे राहते. हातातून सुटलेला गोटा सेकंदाला वीस मीटर या वेगाने निघाला असे धरा. शटर मिटेपर्यंत तो साठ-सत्तर सेंटिमीटर पुढे गेलेला असेल. फोटोत त्याची फारतर पुसट रेघ उमटेल, बहुधा तीही नाही. १९३५ च्या लायका कॅमेऱ्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाची सोय होती. तिथे तोच गोटा दोन सेंटिमीटर सरकतो आणि हवेत थांबलेला दिसतो. म्हणजे एकाच दिवशी, एकाच काठावरून काढलेल्या दोन फोटोंपैकी एकात झेंडा बांधलेला पळस आणि दोन्ही तीरांवरची गर्दी दिसेल, दुसऱ्यात दगडांचा पाऊस दिसेल. उद्या एखादा अभ्यासक पहिला फोटो हाती घेऊन 'पूर्वी ही प्रथा केवळ प्रतीकात्मक होती' असा निबंध लिहू शकेल. फोटो कोणत्या कॅमेऱ्याने काढला हे ठाऊक असेल तरच त्याला कोणी अडवू शकेल.

यावर पहिला आक्षेप असा की जपायचे तर फोटो जपावेत, हत्यार जपून काय उपयोग? कवीचा टाक जपून कविता कळत नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि कपाट एकच असेल तर त्यात आधी निगेटिव्ह ठेवावेत, असेच मीही म्हणेन. परंतु टाकाची उपमा इथे लागू पडत नाही. टाक बदलला तरी ओळीचा अर्थ बदलत नाही. कॅमेरा बदलला की फोटोतला पुरावाच बदलतो, हे आपण आत्ता पाहिले. शिवाय काचेचे निगेटिव्ह आपल्याकडे फार थोडे उरले आहेत. त्यांवरचा थर खरवडून काच फ्रेमसाठी वापरण्याची रीत होती. जिथे निगेटिव्ह गेले, फोटो घराघरांत पांगले, तिथे त्या स्टुडिओच्या कामाचा ठावठिकाणा सांगणारी वस्तू म्हणून कॅमेरा आणि त्याची हिशेबवहीच काय ती उरते.

दुसरा आक्षेप संख्येचा. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री एकेकाळी मध्यमवर्गीय घरांत सर्रास दिसे. त्याला दुर्मीळ कोण म्हणेल? लिलावात कोणीच म्हणणार नाही. पण आपल्या अल्बमांची घडण समजून घ्यायला बार्नाकचा लायका निरुपयोगी आहे, आणि हा क्लिक अत्यावश्यक. १२० चा रोल, चौकोनी फोटो, तेही बाराच. रोल महाग, धुवायचा खर्च वेगळा. बारा फोटोंत बारसे, दिवाळी, मुलीचे लग्न आणि एखादी जत्रा बसवायची. भिंग मंद, त्यामुळे ऊन हवेच. म्हणून त्या वर्षांतले कुटुंब आपल्याला अंगणात, डोळे बारीक केलेले, एका रांगेत उभे दिसते. चुलीपुढे बसलेली आई, आजारी आजोबांची खाट, संध्याकाळचे जेवण यांची चित्रे जवळजवळ नाहीत. घराचा आतला भाग इतिहासातून गळाला तो कोणी मुद्दाम गाळला म्हणून नव्हे, त्या भिंगाला तो दिसत नव्हता म्हणून. एवढे सांगणारी वस्तू आज थोडक्या रुपयांची असली काय आणि भंगारात गेली काय, तिची किंमत बाजाराने ठरवावी हे मला पटत नाही. शिवाय घरोघरी असलेली वस्तू नाहीशी होते तेव्हा एकदमच होते. ती जपावी असे कोणालाच वाटलेले नसते.

कॅमेरा हातचा गेल्याचे आणि त्याला मान मिळाल्याचेही दाखले आपल्याच इतिहासात आहेत. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी इंग्लंडमधल्या रायली कंपनीकडून २१ गिनींना चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. भारतीयाने केलेल्या चित्रणाचा आरंभ तिथून मानतात. पुढे तो कॅमेरा त्यांनी विकून टाकला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घडवला, त्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली 'सैरंध्री' आला. आज कोल्हापुरात कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. गावाने एखाद्या यंत्राला असा मान द्यावा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

तिसरा आक्षेप मात्र टोकदार आहे: हा श्रीमंतांचा नाद आहे, आणि संग्राहक वस्तू कोंडून ठेवतो. यातला अर्धा भाग मी मान्य करतो. ज्याच्याकडे दोनशे कॅमेरे आहेत आणि एकाचीही नोंद नाही, त्याने संग्रह केला असे म्हणता येणार नाही. शहरातल्या कॅफेंच्या भिंतींवर हल्ली जुने कॅमेरे खिळे ठोकून टांगतात, तेही त्याच जातीचे काम. बाजार वाढला की बनावटही वाढते: सोव्हिएत कारखान्यांतले फेड आणि झोर्की घासून, त्यांवर लायकाचे नाव कोरून विकण्याचा उद्योग जगभर चालतो. पण उरलेला अर्धा भाग खरा नाही. दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे आणि दौती जमवल्या. त्यातले पुष्कळसे घरातले रोजच्या वापराचे सामान होते, आणि आज ते सार्वजनिक संग्रहालय आहे. आदित्य आर्य यांनी जमवलेल्या कॅमेऱ्यांतून २०१९ मध्ये गुरुग्रामला म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालय उघडले. सरकारी खाती मूर्ती आणि ताम्रपट जपतात. वापरातली यंत्रे आधी एखाद्या वेड्या माणसाच्या घरातच जपली जातात. कोंडून ठेवण्याच्या दोषावर उपाय हवा असेल तर तो नोंदीचा आहे. नोंद केलेली वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात गेली तरी हरवत नाही.

आता हे सारे पांढुर्ण्यात का बोलावे? १ नोव्हेंबर १९५६ ला प्रांतरचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी. मराठी प्रदेशाच्या फोटोग्राफीचा इतिहास मुंबई, पुणे, कोल्हापूर यांच्या भोवती लिहिला जातो, आणि मध्य प्रदेशाचा लिहायचा तर भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेरच्या संस्थानांपासून सुरुवात होते. या दोन्ही पुस्तकांत सौसरच्या स्टुडिओला पान मिळेल अशी आशा मी धरत नाही. नागपूर-छिंदवाडा ही सौसरवरून जाणारी अरुंद रेल्वे २०१५ मध्ये बंद झाली; पण रेल्वेचे खाते मोठे, त्यामुळे नॅरोगेजची इंजिने आणि डबे नागपूरच्या मोतीबागेतल्या संग्रहालयात पाहता येतात. स्टुडिओच्या मागे असे कोणतेही खाते नाही. मालक थकला, मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला, दुकान भाड्याने दिले की लाकडी कॅमेरा कबाडीकडे जातो आणि पितळी भिंग वजनावर. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर यांचा वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या मिळतील. त्याचा दृश्य इतिहास मात्र त्याला स्वतःच गोळा करावा लागेल.

काम अवघड नाही, पण नीट करावे लागते. पितळ घासून चकचकीत करू नका. त्यावरचे नाव, क्रमांक आणि विक्रेत्याचा शिक्का झिजतो. चामड्याच्या खोळीत कॅमेरा ठेवू नका, पावसाळ्यात ती ओल धरते आणि भिंगावर बुरशी चढते. अडकलेल्या शटरमध्ये तेल सोडू नका. भाता फाटला असेल तर फाटका राहू द्या. आत अर्धा रोल असेल तर उजेडात उघडू नका, आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या इंदू रोलची रिकामी डबी जरी सापडली तरी फेकू नका. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. फोनवरून चौकशी करणाऱ्या परक्या गिऱ्हाइकाला हे सांगून ठेवा.

आणि एक विनंती. येत्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून कॅमेरा खाली आला, तर कबाडीला हाक मारण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा. कॅमेरा कधी घेतला, कोणाकडून, केवढ्याला, कोणी वापरला, त्यातून काढलेले कोणते फोटो आज कोणाकडे आहेत, एवढे एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद कॅमेऱ्याबरोबर बांधून ठेवा. जागा नसेल तर दोन्ही पांढुर्ण्याच्या किंवा सौसरच्या वाचनालयात नेऊन द्या. वाचनालयाच्या चालकांनी त्यासाठी एक कोरडे, कुलूप असलेले कपाट आणि एक नोंदवही या वर्षीच बाजूला काढावी.