श्रमदान एका दिवसाचे नसते



घाणेरी, म्हणजेच टणटणी, आपण सर्वांनी पाहिली आहे. ती मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रज राजवटीत ती शोभेसाठी कलकत्त्यात आणली गेली आणि देशभर पसरली. तिच्या जाळीखाली गवत वाढत नाही. पाला विषारी, त्यामुळे चाऱ्यालाही निरुपयोगी. रानातला चारा संपला की हरणे शेतात शिरतात आणि नुकसान गरीब शेतकऱ्याचे होते.

कोयत्याने वरवर तोडलेली घाणेरी बुडातून पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सांगितलेली रीत सोपी आहे. फळे धरण्यापूर्वी, जमिनीखाली 3 ते 5 सें.मी.वर कुदळीने मुख्य मूळ तोडावे व झुडूप उलटे ठेवावे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी झाडांखाली उगवते. ती रोपे पुढच्या पावसाळ्यांतही उपटावी लागतात. मोकळ्या जागी देशी गवत लावावे.

म्हणून वनखात्याच्या परवानगीने आपण लहानसाच तुकडा घेऊ, पण तीन वर्षे सोडणार नाही. छायाचित्रापुरते येणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या पावसाळ्यात परत येणारे आपल्याला हवे आहेत. त्यांनी आपली नावे कार्यालयात नोंदवावीत, ही नम्र विनंती.