पडद्याचे अस्तर आणि बारा आकडे



वसंतातल्या या व्याख्यानांत गीतेपासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व काही ऐकावयाची आपल्याला सवय आहे. तेव्हा न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा एक पडदा घेऊन कोणी आपल्यापुढे उभा राहिला तर आपण थोडे हसाल, आणि ते रास्तच होईल. परंतु ज्या वस्तूकडे कोणी दुसऱ्यांदा वळून पाहत नाही, त्या वस्तूतच ती आखणाराची खरी परीक्षा होते, असे मला वाटते. आज सांगावयाचे आहे ते एवढेच.

प्रथम हा पडदा मुळात हवा कशाला? आपल्याकडे न्हाणीघराची सारी जमीनच पाण्यासाठी केलेली असते. फरशीला उतार, कोपऱ्यात जाळी. बादलीभर पाणी उपडे झाले तरी ते आपल्या वाटेने निघून जाते. अमेरिकेत तसे नाही. तेथील बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची, आणि टबाबाहेरची जमीन कोरडीच राहणार असे धरून चाललेले. बाहेर सांडलेले पाणी वाहून जाण्यास बहुधा वाटच नसते. ते लाकडात मुरते आणि खालच्या खोलीच्या छतावर डाग होऊन उतरते. म्हणूनच, मुलाकडे राहावयास गेलेल्या आपल्याकडील कित्येक मातांना पहिल्याच सकाळी ऐकावे लागते, "आई, पडदा टबाच्या आत घे हं!"

हा पडदा बहुधा दुहेरी असतो. बाहेरचा शोभेचा, कापडाचा. तो टबाच्या बाहेर सुटतो. आतला पातळ, पाणी अडविणारा. तो टबाच्या आत सुटतो. या आतल्या पडद्याला तिकडे अस्तर म्हणतात. आपल्या कोटाला अस्तर असते, तसेच हे. टबाची लांबी सामान्यतः ६० इंच. अस्तर ७२ इंच रुंद आणि तितकेच उंच. त्याच्या वरच्या काठाला बारा भोके. प्रत्येक भोकात एक आकडा, आणि बारा आकडे वरच्या दांडीवर.

हे अस्तर ज्या प्लॅस्टिकचे पुष्कळ वर्षे होत आले, त्याची कथाही मौजेची आहे. १९२६ साली ओहायो राज्यातील ॲक्रन येथे गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन नावाचे रसायनज्ञ रबर धातूला चिकटविण्याच्या खटपटीत होते. ते साधले नाही. परंतु पॉलिव्हिनिल क्लोराइड नावाचा ताठ, निरुपयोगी मानलेला पदार्थ द्रावकात तापविताना त्यांना तो मऊ आणि लवचीक करण्याची युक्ती सापडली. आज त्याच्या जोडीला क्लोरीन नसलेली प्लॅस्टिके आणि पॉलिएस्टरचे कापडही वापरतात.

आता या पडद्याची एक खोड. शॉवर सुरू केला की तो आत फुगतो आणि ओल्या अंगाला चिकटतो. गरम हवा वर जाते म्हणून असे होते, असे पुष्कळजण सांगत; पण थंड पाण्यानेही तो आत येतोच! मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर शॉवरखालच्या जागेचे सुमारे ५०,००० लहान कप्पे कल्पून हिशेब मांडला. पाण्याच्या थेंबांमुळे हवेत एक आडवा भोवरा तयार होतो आणि त्याच्या पोटातला दाब कमी असतो, म्हणून पडदा तिकडे ओढला जातो, असा त्यांचा निष्कर्ष. या प्रश्नाच्या 'अंशतः' उकलीबद्दल २००१ साली त्यांना हसवून विचार करावयास लावणारे इग नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे पडदा का फुगतो यावर शास्त्रज्ञांनी डोके खर्चिले. परंतु तो लावताना काय होते, याकडे कोण पाहतो? दांडी सव्वासहा ते साडेसहा फुटांवर. माणूस टबाच्या गुळगुळीत तळावर, नाहीतर स्टुलावर उभा. दोन्ही हात डोक्यावर. भोक धरावयाचे, आकडा ओवावयाचा, मिटवावयाचा: तीन हालचाली, बारा वेळा, म्हणजे छत्तीस. आणि हे एकदा करून भागत नाही. अस्तराच्या खालच्या घडीत साबणाची साय आणि ओल राहते, बुरशी धरते. ते काढून धुवावे लागते, नाहीतर बदलावे लागते. घरात हे काम बहुधा घरधनीण करते. हॉटेलात सफाई करणारी बाई खोलीमागून खोली करते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला ते स्वतःच करावे लागते.

याची गंमत वाटू नये. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या अंदाजाप्रमाणे २००८ या एका वर्षात पंधरा वर्षांवरील सुमारे २,३४,००० माणसे न्हाणीघरात झालेल्या इजांसाठी तेथील तातडीच्या उपचारकक्षांत गेली. त्यांतील शेकडा ८१ जण पडल्यामुळे. पडद्याने पडली असे मी म्हणत नाही. परंतु ज्या जागी माणसे इतकी घसरतात, त्याच जागी माणसाला हात वर करून छत्तीस हालचाली करावयास लावणे, हे आखणाराने फुकाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे होय.

मग सोपे अस्तर कसे करावे? बाजारात काही उपाय आहेतच. एक, उघड्या तोंडाचे दुहेरी आकडे: पुढच्या टोकावर कापडी पडदा, मागच्यावर अस्तर, पडद्याला हात न लावता अस्तर निघते. दुसरा, आकडेच नाहीत: पडद्यातच चिरलेल्या कड्या बसविलेल्या, त्या दांडीवर दाबून सरकवावयाच्या. पण या दोहोंतही काम डोक्यावरच राहते. मला सर्वांत पटतो तो तिसरा: वरचा जाळीचा पट्टा दांडीवर कायम राहू द्यावा, तो पुरेसा खाली आणावा, आणि खालचे अस्तर त्याला टिचबटणांनी जोडावे. सारे कष्ट डोक्यावरून छातीपर्यंत उतरले! आपल्याकडील कोणतीही शिंपीण हे ऐकून म्हणेल, "मग यात अवघड ते काय?" अवघड काही नाही. सुचावे लागते, एवढेच.

तथापि सोपेपणाच्या मोहात दोन गोष्टी विसरू नयेत. काही अस्तरांच्या खालच्या काठात लोहचुंबक शिवलेले असतात. लोखंडी किंवा पोलादी टबाला ते घट्ट धरतात. ॲक्रिलिकच्या टबावर त्यांचा धरण्याला काही उपयोग नाही, तेथे काठालाच वजन द्यावे लागते. म्हणजे टब न पाहता केलेले अस्तर अर्धेच. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. हिचकॉक यांच्या १९६० सालच्या 'सायको' चित्रपटात घायाळ झालेली नायिका पडदा धरते आणि आकडे एकामागून एक तुटत जातात. घसरणारा माणूस असाच हाताला येईल ते धरतो. म्हणून कोणी म्हणेल, बटणे इतकी घट्ट करा की सुटताच कामा नयेत. मला ते मान्य नाही. दोन भिंतींमध्ये नुसत्या स्प्रिंगच्या दाबाने अडकविलेली दांडी माणसाचे वजन पेलणार नाही. पडदा सुटला नाही तर दांडीच डोक्यात येईल. पडद्याने सुटावे, आधारासाठी भिंतीत पक्की मूठ बसवावी. एका वस्तूने दुसरीचे काम करण्याचा आव आणणे, हाच येथे खरा धोका.

नॉर्थ कॅरोलिनाचे वास्तुशास्त्रज्ञ रॉन मेस यांना बालपणी पोलिओ झाला होता. ते चाकांच्या खुर्चीतून वावरत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली सर्वांना सारखी वापरता येईल अशा आखणीची सात तत्त्वे मांडली. त्यांतील एक, कष्ट कमी पडावेत. दुसरे, चूक झाली तरी घात होऊ नये. ही तत्त्वे इमारतींना लावलेली आपण पाहतो. बारा भोकांच्या अस्तराला ती लावून पाहावयास काय हरकत आहे?

आपण दुकानात वस्तू पाहतो ती लावलेली, ताणलेली, स्वच्छ. ती लावणारे हात तेथे दिसत नाहीत. लावावयास सोपी वस्तू काढावयासही सोपी हवी. जी सहज निघते तीच वेळेवर धुतली जाते, आणि धुतली जाते तीच स्वच्छ राहते. तेव्हा जो कोणी काही घडवितो, मग तो पडदा असो, पाट असो की सरकारी अर्ज असो, त्याने एवढे स्वतःला विचारावे: हे कोणाला, किती वेळा, आणि कोणत्या वयात करावे लागणार आहे? उत्तर बहुधा एखाद्या थकलेल्या बाईचे नाव असेल. तिच्याकडे पाहून आखलेली वस्तू इतर कोणालाही जड जाणार नाही.