हप्ते झाले, आता पुस्तक काढा

भाईंदरहून आम्ही बोलतोय. बचत गटाची बैठक म्हणजे हप्ते, व्याज, सह्या. आमच्याकडे त्यानंतर अर्धा तास पुस्तकाचा असतो. एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. कुणी लसूण सोलते, कुणी सुकट निवडते.

सुरुवात कादंबरीनं करा. आम्ही श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ घेतली, कारण डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या. माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बावीस पुरी व्हायच्या आत, गेल्या. बाळाचं पान आलं तेव्हा लसूण तसाच राहिला. आमच्यातही अशा आहेत, ज्यांचं मूल दवाखाना गाठेपर्यंत राहिलं नाही.

मग वाद पेटला. गोपाळराव चांगले की वाईट? बायकोला शिकवलं त्यांनीच, अभ्यासासाठी मारलंही त्यांनीच. अशा वेळी एक लक्षात ठेवायचं, कादंबरीतलं बोलणं लेखकानं रचलेलं असतं. म्हणून जोडीला काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र मिळवा. त्यात आनंदीबाईंची पत्रं आहेत. काशीबाई स्वतः लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकलेल्या. भाषा जुनी आहे, थोडं अडखळायला होतं, पण दोन्ही वाचल्यावर वादाला धार येते!

‘स्वामी’, ‘पानिपत’ या कादंबऱ्याही वाचाव्यात, त्यांची शिफारस करणारे पुष्कळ आहेत. आम्ही सांगू लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. वडिलांच्या सोवळ्याचे किस्से ऐकून हसून हसून पोट दुखतं. आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’, १९८९ सालचं. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायांना दोघींनी गाठलं, त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून काढलं. हे वाचलं आणि आमच्या गटातली एक सासूबाई म्हणाली, माझंपण लिहून घ्या.

वाचनालयाचं सभासदत्व एकीच्या नावावर घ्या, अनामत सगळ्यांत वाटून भरा. जिला अक्षरं जुळवायला वेळ लागतो तिला चारच ओळी द्या, पण द्या. आणि पुस्तक कुणाच्या घरी आहे ते हप्त्यांच्या वहीतच लिहून ठेवा, नाहीतर ते सापडत नाही.