घरबसल्या बोलपट : वर्गणी कोणाची भरावी?



आमच्या लोहाऱ्यास सायंकाळी चार मंडळी एकत्र बसली की निवृत्त शिक्षकास हटकून विचारावयाचे जे प्रश्न असतात, त्यांत अलीकडे एकाची भर पडली आहे. "गुरुजी, नेटफ्लिक्स घ्यावे की हॉटस्टार?" पूर्वी हेच लोक मुलास कोणत्या शाखेस घालावे, असे विचारीत. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार असे. या नव्या प्रश्नासाठी मात्र मला स्वतःच विद्यार्थी व्हावे लागले. त्या अभ्यासाचे टिपण आज आपणापुढे ठेवीत आहे. शहरांतील घरांतही हाच प्रश्न पडत असेल, असे मी समजतो.

ज्यांस सर्वत्र 'ओटीटी' म्हणतात, त्या सेवांचा व्यवहार वाचनालयासारखा आहे. वर्गणी चालू आहे तोवर कपाट उघडे. ती थांबली की कपाटास कुलूप. आपल्या मालकीचे काहीच होत नाही. इतकेच नव्हे, तर कपाटातील पुष्कळसे बोलपट त्या वाचनालयाचेही नसतात. ठराविक मुदतीच्या कराराने ते आणलेले असतात, आणि मुदत सरली की निघून जातात. म्हणून "अमक्याकडे हजारो चित्रपट आहेत" या जाहिरातीस फारसे महत्त्व देऊ नये. आपणांस हवे ते आज तेथे आहे काय, एवढेच पाहावे.

या सेवांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. एक वर्ग परदेशांतून आलेल्यांचा : नेटफ्लिक्स जानेवारी 2016 मध्ये भारतात आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अॅमेझॉनची प्राइम व्हिडिओ. दुसरा वर्ग दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांशी नाते असलेल्यांचा. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, सोनी मराठीची 'हास्यजत्रा' सोनी लिव्हवर, आणि स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर. ही शेवटची सेवा फेब्रुवारी 2025 मध्ये हॉटस्टार व जिओसिनेमा यांच्या एकीकरणातून झाली. यांखेरीज प्रसारभारतीने 20 नोव्हेंबर 2024 रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' ही सेवा सुरू केली. जुन्या दूरदर्शनची आठवण काढणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ती अवश्य पाहावी. ज्या घरात रोजच्या मालिका हव्यात, त्याने दुसऱ्या वर्गाकडे जावे; निवडक चित्रपट व परदेशी कथा ज्यांस रुचतात, त्यांनी पहिल्याकडे.

आता पैशाकडे वळू. डिसेंबर 2021 मध्ये नेटफ्लिक्सने मोबाइलपुरती मासिक वर्गणी 199 रुपयांवरून 149 वर आणली, तर त्याच महिन्यात अॅमेझॉनने प्राइमची वार्षिक वर्गणी 999 वरून 1499 वर नेली. दर असे एकाच वेळी खालीही जातात व वरही जातात. तेव्हा गेल्या वर्षीच्या आकड्यावर विसंबू नये. स्वस्त वर्गणीतही एक मेख असते. ती बहुधा मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यापुरती असते. आजी, आई, मुले यांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यापुढे एकत्र बसावयाचे, तर दर निराळा. जाहिरातींचेही तसेच. जून 2025 पासून प्राइम व्हिडिओवर वर्गणी भरूनही जाहिराती येऊ लागल्या. त्या टाळावयाच्या तर वेगळे पैसे मोजावे लागतात.

वर्गणी आपोआप कापली जाण्याच्या सोयीविषयी स्वतःची चूक सांगतो. आमच्या घरी कोणीही पाहत नसलेल्या एका सेवेची वर्गणी पाच महिने खात्यातून वजा होत राहिली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर 2021 पासून अशा वसुलीपूर्वी किमान 24 तास आधी सूचना द्यावी लागते. ती मला येतही होती, आणि मी जाहिरात समजून ती पुसून टाकीत होतो! तेव्हापासून आमच्या घरी एका वेळी एकच वर्गणी, तीही एका महिन्याची. हवे ते पाहून झाले की बंद. पुढच्या महिन्यात दुसरी. घरात चार सेवा एकदम ठेवण्यापेक्षा हा क्रम पुष्कळ स्वस्त पडतो.

परंतु पैसा आणि साठा यांहूनही एक वजन मला जड वाटते. ते भाषेचे होय. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 8 कोटी 30 लाख होते, आणि तेलुगू सांगणारे 8 कोटी 11 लाख. असे असून बंगालीसाठी 'होईचोई' ही स्वतंत्र सेवा 2017 साली निघाली, तेलुगूसाठी 'आहा' 2020 साली; मराठीसाठी 'प्लॅनेट मराठी' 2021 साली आली, परंतु मोठ्या सेवांच्या नव्या निर्मितीत मराठीचा वाटा आजही तोकडाच दिसतो. याचे कारण माझ्या मते असे की, मराठी माणूस हिंदी समजतो व आवडीने पाहतो. मग त्याच्यासाठी वेगळे ताट कोण वाढील? प्रभात कंपनीने 1937 साली 'कुंकू' काढला, तेव्हा हिंदीत 'दुनिया न माने' निराळा केला. 1941 साली 'शेजारी' आणि 'पडोसी' असेच जोडीने आले. हिंदीचा मोठा बाजार त्यांसही दिसत होताच, पण त्यासाठी त्यांनी मराठी वगळली नाही.

आणि जेथे मराठीस संधी मिळते, तेथे ती उणी पडत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटास 2020 साली व्हेनिसमध्ये पटकथेचे पारितोषिक मिळाले, आणि पुढल्या वर्षी नेटफ्लिक्सने तो घरोघर पोहोचविला. दशावतारी कलावंताची कथा सांगणारा 'पिकासो' 2021 साली प्राइमवर आला. सोनी लिव्हवर 2024 साली आलेली 'मानवत मर्डर्स' ही मालिका परभणी जिल्ह्यातील 1970 नंतरच्या हत्यासत्राची. विषय भयंकर खरा, आणि मुलांना जवळ बसवून पाहावयाचा नव्हे. तथापि मराठवाड्यातील गाव एवढ्या मोठ्या पडद्यावर पाहून आम्हांस जे वाटले, ते शहरांतील श्रोत्यांस कदाचित सहज कळणार नाही.

आमचा हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वडीलधाऱ्यांना शाळेत उर्दूतून शिकावे लागले. कर्नाटकाची हद्द जवळ असल्याने कानडीही कानांवर पडे. तरी घरात मराठी टिकली, ती कोणाच्या कृपेने नव्हे. ती रोज बोलली गेली, म्हणून टिकली. या सेवांचेही तसेच आहे. आपण काय पाहिले, किती वेळ पाहिले, कोठे सोडून दिले, याची नोंद त्या ठेवतात व तिचा आधार घेऊन पुढची निर्मिती ठरवितात. आपण मराठी बोलपट लावला, तर ते एक मत नोंदले जाते. मराठी उपलब्ध असता हिंदी लावला, तर तेही नोंदले जाते.

म्हणून "नेटफ्लिक्स की हॉटस्टार" असे विचारणाऱ्यास मी आता उलट प्रश्न करतो, "या महिन्यात त्यांच्याकडे मराठीत नवे काय आहे, ते पाहिलेस काय?" ज्याच्याकडे असेल, त्याची वर्गणी त्या महिन्यापुरती भरावी, ज्याच्याकडे नसेल, त्यास पुढच्या महिन्याची वाट पाहावयास लावावी. गिऱ्हाइकाने मागितल्यावाचून दुकानदार माल ठेवीत नाही, हे आमच्या लोहाऱ्याच्या बाजारातील लहान पोरासही कळते.